नारळवाल्या साहेबांचा अर्ज

विषय : अकोल्याहून रत्नागिरीस बदली मिळणेबाबत.
संदर्भ : याच विषयावरील माझा अर्ज आणि त्यानंतरची सर्व स्मरणपत्रे.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सरकारी अर्ज आणि बाजारातले किस्से यांची वाढ सारखीच असते. दोन्ही एकावर एक साचत जातात, आणि दोन्हींचा निकाल लावण्याची कोणालाही घाई नसते. फरक एवढाच, की अर्जाच्या गठ्ठ्याला वाळवी लागते. किश्श्यांना माझ्यासारखे निवृत्त कारकून लागतात.

छप्पन साली राज्यांची फेररचना झाली. वऱ्हाड मुंबई राज्यात आला, आणि त्याच्या स्वागतासाठी म्हणून की काय, सरकारने मला रत्नागिरीहून उचलून अकोल्याला ठेवले. आगगाडीत बसण्याआधीच आमच्या सौ. मालतीबाईंनी मला बदलीचा अर्ज तोंडी सांगून लिहायला लावला होता. 'पत्नीस तेथील उन्हाळा सोसणार नाही' हे वाक्य तिचेच. तोपर्यंत तिने अकोल्याचा उन्हाळा पाहिलेला नव्हता, ही गोष्ट अर्जात नमूद केलेली नाही.

अकोल्याच्या घरात आल्यावर तिने एक ट्रंक उघडली आणि दुसरी, मोठी, भिंतीशी लावून ठेवली.

"ही नाही उघडायची?" मी विचारले.

"कशाला? परत बांधायचीच आहे ना!"

तेव्हापासून मी ऑफिसातून आलो की चपला काढायच्या आत प्रश्न यायचा, "अर्जाचं काय झालं?"

"विचाराधीन आहे," मी म्हणायचो. मग मला चहा मिळायचा.

*

पहिल्याच संध्याकाळी मी किराणा आणायला गेलो. आमच्या गावचा वाणी गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघत नसे. 'काय?' म्हणायचा, पुडी बांधायचा, पुढचा. त्या शिस्तीत वाढलेला मी. अकोल्यात लालचंदशेठच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, "साखर द्या."

"बसा," शेठ म्हणाले.

गादीवर बसवले. पाणी आले. नवे दिसता, गाव कोणते, मुलेबाळे किती, पगार किती, इकडे कोणत्या गुन्ह्याबद्दल पाठवले, सगळी चौकशी झाली. रत्नागिरीला समुद्र किती लांब आहे, तो भरतीला गावात शिरत कसा नाही, हेही मला समजावून सांगावे लागले. मध्ये चहा आला. मग पान आले. दिवेलागण झाली तेव्हा शेठ मला रस्त्यापर्यंत पोचवायला आले, आणि मी भारावल्या मनाने घरी परतलो.

"साखर?" मालतीने विचारले.

मी तसाच परत गेलो. शेठ दुकान आवरत होते. म्हणाले, "अहो, आज ओळख झाली. सामान उद्या!"

*

भाजीबाजारात गिरजाबाई बसायची. घरचा मळा, घरचीच भाजी, आणि जीभही घरच्याच दगडावर घासलेली. वऱ्हाडी मिरचीने आम्ही पहिले चार दिवस जेवताना रडत होतो, म्हणून मी तिच्याकडे जाऊन अत्यंत सभ्य भाषेत विचारले, "बाई, जरा कमी तिखट मिरची आहे का?"

तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग शेजारणीला हाक मारली. "काहो, आयकलं काय? ह्या सायबाले तिखट नसलेली मिरची पायजे!"

शेजारणीने पुढच्या बाईला सांगितले. बाजाराच्या त्या टोकापर्यंत बातमी जाऊन परत आली, तरी मी उभाच.

"असेल तर द्या," मी म्हणालो.

"गवार न्या," गिरजाबाई म्हणाली. "हिरवी असते, लांब असते, तिखट नसते!"

*

आता नारळाकडे येतो. कारण पुढची सर्व गुंतागुंत तिथून सुरू होते.

रत्नागिरीत नारळ ही चैन नाही, धर्मही नाही. तो मिठासारखा घरात असतो. आमटीत नारळ, भाजीत नारळ, उरला तर चटणीत. अकोल्यात वाण्याकडे सुके खोबरे मिळे, पण ओला नारळ म्हणाल तर एकच ठिकाण, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे जुन्या शहरात, मारुतीच्या देवळासमोर. तिथे गुलाबरावांचे पूजेच्या सामानाचे दुकान होते. कापूर, उदबत्ती, शेंदूर, आणि रचून ठेवलेले नारळ.

पहिल्या रविवारी मी नारळ घेतला. कानाशी हलवून पाहिला, बोटाने टिचकी मारली, ठेवला, दुसरा उचलला. गुलाबराव अस्वस्थ झाले. "साहेब, देवाले सगळे चालतात," ते म्हणाले.

दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो. तिसऱ्या रविवारी त्यांनी हात जोडून विचारले, "कोनती पूजा हाय?"

"पूजा नाही हो. भाजीत घालायला."

गुलाबराव हसले. माणूस आपले खरे दुःख चारचौघांत सांगत नाही, हे कळणारे हसू ते. पुढच्या रविवारी त्यांनी मला बाजूला घेतले आणि हळूच विचारले, "नवस कायचा हाय, साहेब? मी कोनाले सांगत नाही."

मी कंटाळलो होतो, ऊन लागत होते, आणि थैली जड होती. म्हणालो, "बदलीचा अर्ज केलाय."

एवढे एकच वाक्य. त्याने माझी अकोल्यातली सामाजिक प्रतिष्ठा कायमची ठरवून टाकली.

कारण गुलाबराव सांगत नव्हते ते फक्त मला! पुढच्या आठवड्यात गिरजाबाईने वांगी तोलता तोलता विचारले, "झाली काय बदली?" न्हाव्याने अर्धी दाढी करून विचारले. लालचंदशेठनी चहा सांगून विचारले. बाजारात माझे नाव 'नारळवाले साहेब' पडले, आणि एवढा भाविक माणूस वऱ्हाडात टिकू नये याबद्दल सर्वत्र हळहळ व्यक्त होऊ लागली.

त्यात गुलाबराव मला नारळ थैलीत टाकू देत नसत. "देवाचा माल हाय, साहेब! बटाट्यासंगं कावून ठेवता?" म्हणून मी एका हातात थैली आणि दुसऱ्या हातात नारळ, शेंडी वर करून, असा सबंध पूल ओलांडून घरी येत असे. वाटेत लोक बाजूला होत. एका म्हातारीने नमस्कारही केला. मला नव्हे, नारळाला.

*

गोष्ट ऑफिसात जायला किती वेळ लागणार? आमचे साहेब शिस्तीचे. त्यांनी मला बोलावून घेतले.

"तुमचा अर्ज माझ्यामार्फत वर गेलाय ना?"

"हो साहेब. थ्रू प्रॉपर चॅनेल."

"आणि मारुतीकडे?"

मी खुलासा करायला तोंड उघडले.

"हे बरोबर नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले. "अर्ज विचाराधीन असताना, मधल्या अधिकाऱ्यांना वगळून, परस्पर इतक्या वरिष्ठांकडे जायचं नसतं!"

*

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर वानखडे बसत. अकोल्याचेच. वाचनाचा नाद दोघांनाही, त्यामुळे फायलींच्या आडोशाने आमची चांगली मैत्री जमली. छप्पन सालीच त्यांच्या घरच्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला होता. वानखडे म्हणायचे, "तुमचं राज्य बदललं त्याच साली आम्ही धर्म बदलला. आमचं काम लवकर झालं. अर्ज करावा लागला नाही."

एकदा मी त्यांना आणि त्यांच्या आईंना जेवायला बोलावले. मालतीने रविवारचा सबंध नारळ संपवला. आमटीत, भाजीत, कोशिंबिरीवर पांढरेशुभ्र खोबरे. म्हातारीने पानाकडे पाहिले आणि हात मागे घेतला.

"बाई, हा परसाद हाय काय? आमी आता परसाद घेत नाही," त्या म्हणाल्या. आवाजात संकोच होता, पण माघार नव्हती.

"प्रसाद नाही हो आई, भाजी आहे," मालती म्हणाली.

"पन नारळ दिसून राहिला ना!"

वानखडे पुढे झाले. "आई, यांच्या मुलखात नारळ देवाला न विचारता खातात."

"कोनत्याच देवाले नाही इचारत?"

"कोणत्याच नाही."

"मंग चांगले लोक हायेत," म्हातारी म्हणाली. "वाढ बाई. मोकळ्या हातानं वाढ."

*

याच वानखड्यांबरोबर एकदा ऑफिसच्या कामाने अमरावतीला गेलो. काम लवकर आटोपले. मालतीसाठी लुगडे घ्यावे म्हणून आम्ही एका कापडाच्या दुकानात शिरलो. दुकानदाराने हातभर लांब 'या' म्हटले. चहा आला. एक लुगडे उलगडले, दहावे उलगडले, लुगड्यांचा ढीग माझ्या गुडघ्यांपर्यंत आला. मला वाईट वाटायला लागले. एवढी मेहनत, एवढा चहा! मी दोन लुगडी घेतली. त्यातले एक मला आवडलेही नव्हते.

वानखडे शेजारीच बसले होते. त्यांनी शांतपणे दोन कप चहा प्यायला, प्रत्येक लुगड्याचा काठ बोटांनी चाचपला, "रंग पक्का आहे का?" असे चारदा विचारले, आणि शेवटी "बरं, येतो" म्हणून उठले. दुकानदाराने त्यांना सुपारीसुद्धा दिली!

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "अहो, एवढं बघून तुम्ही काहीच घेतलं नाहीत?"

"मला घ्यायचंच नव्हतं. दुकानदारालाही ते ठाऊक होतं."

"मग दोन कप चहा कसा पाजला?"

"तुम्ही दोन लुगडी घेतलीत ना!"

*

पुढे शेर जाऊन किलो आला. ऑफिसात परिपत्रक आले, ते आम्ही वाचले, सही केली आणि पुढे पाठवले. बाजारात परिपत्रक गेले नसावे. कारण गिरजाबाईचे पारड्यातले वजन जुनेच होते.

"किलो द्या हं, शेर नको," मी बजावले. नवे कायदे आपण पाळले नाहीत तर कोण पाळणार?

तिने शेराचे माप टाकून वांगी तोलली. माझ्या थैलीत ओतली. मग ढिगातून एक वांगे उचलून वर ठेवले. "हा झाला शेर. अन् हे वांगं सरकारचं. झाला किलो!"

"आणि अर्धा किलो घेतला तर?"

तिने क्षणभरही विचार केला नाही. "मंग सरकारले अर्धं वांगं कापून देऊ काय? पुरा किलो न्या!"

*

या गिरजाबाईचे आणि मालतीचे पहिल्या दिवसापासून भांडण होते. भांडण म्हणजे रोजचे, वेळेवरचे. मालती म्हणायची भेंडी जून आहे. गिरजाबाई म्हणायची, "बाई, तुमच्या नवऱ्याहून कवळी हाय!" दोघींपैकी एक जण एखाद्या दिवशी आली नाही की दुसरी चौकशी करायची. उन्हाळ्यात मालतीला ऊन लागले तेव्हा गिरजाबाई कांदा ठेचून घेऊन घरी आली, तिच्या तळपायांना चोळत बसली, आणि सबंध वेळ तिला बोलत होती. "समुद्रातली मासोळी आनली वरतं, अन् मनतात फडफड कावून करते!"

बरी झाल्यावर मालतीने तिला जेवू घातले. खास नारळाची आमटी केली. गिरजाबाईने वाटी तोंडाला लावून संपवली. मालती उत्सुकतेने तिच्या तोंडाकडे बघत होती.

"कशी आहे?"

"चांगली हाय बाप्पा," गिरजाबाई म्हणाली. "बिमार मानसाले द्याले लय चांगली!"

मालती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर आमच्या आमटीत हळूहळू तिखट वाढत गेले. एके दिवशी ताटात ठेचा दिसला. एके दिवशी मी उशिरा घरी आलो तर दारातून प्रश्न आला, "काहून उशीर झाला?" आणि मग, "अर्जाचं काय झालं?"

"विचाराधीन आहे."

मोठी ट्रंक भिंतीशी होतीच. फक्त तिच्यावर आता पापडांचे डबे, गिरजाबाईने दिलेली मिरच्यांची परडी आणि वानखड्यांच्या आईने विणलेले आसन असे सामान चढले होते. ती उघडायची म्हटली तर आधी अर्धे घर हलवावे लागले असते.

आणखी एक नोंद. आमच्याकडे ओल्या नारळाची चटणी रविवारी होत असे. पुढे ती मंगळवारीही होऊ लागली. रविवारचा नारळ मंगळवारपर्यंत कसा पुरतो, हे मी विचारले नाही. बायको संसार काटकसरीने चालवते, एवढीच समाधानाची नोंद मनाशी करून ठेवली.

*

शेवटचा किस्सा सांगतो आणि थांबतो.

साल साठच्या पुढचे. स्वतंत्र महाराष्ट्र होऊन पेढे वाटून झाले होते. एका रविवारचा नारळ नासका निघाला, म्हणून मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून परस्पर मोर्णेच्या पलीकडे गेलो. गुलाबराव तेल्हाऱ्याला लग्नाला गेले होते. दुकानात त्यांच्या पत्नी, कौसल्याबाई, बसल्या होत्या. मी नारळाची तक्रार सांगितली. त्यांनी दोन नारळ पुढे ठेवले.

"दोन कशाला? एकच नासका होता."

"एक त्याच्या बदल्यात, तुमच्या घरचा. अन् हा बाईचा, मंगळवारचा. बाई आज आल्या नाहीत ना अजून. गिरजाबाईच्या पोरीची वटी भराले गेल्या असतीन."

"मंगळवारचा म्हणजे?"

"मारोतीचा! दर मंगळवारी फोडतात त्या. तुमाले मालूम नाही काय?"

मला भरून आले. मी बाजारात नवसाची थाप मारली, आणि ही बिचारी खरोखरीच देवाला साकडे घालते आहे! म्हणालो, "बदलीसाठी असेल."

"हाव, बदलीसाठीच," कौसल्याबाई म्हणाल्या. "होऊ नये मनून."

मी दोन्ही नारळ उचलले.

"आमचे घरचे मनतात, मारोतीची लय पंचाईत होऊन राहिली," त्या कापूर मोजता मोजता म्हणाल्या. "रविवारी नवरा मनते करा, मंगळवारी बायको मनते करू नका. आता देव तरी काय करीन? ठेवून देली असन फाईल बाजूले!"

दोन्ही हातांत दोन नारळ, शेंड्या वर, असा मी पुलावरून घरी आलो. मालती नुकतीच परतली होती. कपाळावर कुंकू, ओटीचे तांदूळ अजून पदराला चिकटलेले. तिने माझ्याकडे पाहिले. दोन्ही नारळांकडे पाहिले.

"अर्जाचं काय झालं?" तिने विचारले.

"विचाराधीन आहे."

"बरं," ती म्हणाली. माझ्या डाव्या हातातला नारळ तिने स्वयंपाकघरात ठेवला, उजव्या हातातला घेतला, चपला घातल्या आणि "आलेच" म्हणून देवळाकडे गेली.

जेवायला बसलो तेव्हा पानात ताजी चटणी होती.

"आणखी वाढू?" तिने विचारले.

"वाढ," मी म्हणालो.

मध्यंतरी मी निवृत्त झालो. आम्ही अकोल्यातच राहतो. अर्ज अद्याप विचाराधीन आहे.